डाळिंब, युरोलिथिन-ए आणि मायटोकॉन्ड्रिया: दावा काय, पुरावा काय?

'पेशींची ऊर्जा वाढवा' असं लिहिलेल्या गोळ्या आता ऑनलाइन सहज मिळतात. त्यातल्या काहींमध्ये युरोलिथिन-ए असतं आणि जाहिरातीत हमखास डाळिंबाचा फोटो. सोलापूरच्या डाळिंबामुळे आपल्याला हे प्रकरण घरचंच वाटतं, म्हणून जरा खोलात जाऊ.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. अन्न आणि ऑक्सिजन वापरून ती एटीपी बनवते, आणि पेशीची बहुतेक कामं त्या एटीपीवर चालतात. वय वाढतं तशा बिघडलेल्या तंतुकणिका साचत जातात. त्या मोडून त्यांचे भाग पुन्हा वापरण्याची पेशीची जी सोय आहे, तिला मायटोफॅजी म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे सरळ गार्बेज कलेक्शन वाटतं. ते मंदावलं की मेमरी भरते आणि प्रोग्रॅम रखडतो. फक्त इथे रिस्टार्टचं बटण नाही. युरोलिथिन-ए ही सफाई वाढवतं, असा दावा आहे.

आता गंमत बघा. युरोलिथिन-ए डाळिंबात नसतंच! डाळिंबात एलाजिटॅनिन नावाची संयुगं असतात. पोटात त्यांचं एलाजिक आम्ल होतं आणि मग आतड्यातले काही जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात. हे जिवाणू प्रत्येकाकडे नसतात. एका अभ्यासात डाळिंबाचा रस दिल्यावर साधारण ४०% लोकांच्याच शरीरात ते पुरेसं तयार झालं. म्हणजे तुम्ही आणि तुमचा भाऊ एकाच ताटातलं डाळिंब खाल, पण 'आउटपुट' वेगळं येऊ शकतं.

२०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी युरोलिथिन-ए सूक्ष्म कृमींना दिलं, तेव्हा त्यांचं आयुष्य ४५% वाढलं. म्हाताऱ्या उंदरांची धावण्याची क्षमता ४२% वाढली. जाहिराती बहुतेक हेच आकडे सांगतात.

माणसांचं काय? २०२२ मध्ये ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. काहींना रोज १००० मिलिग्रॅम युरोलिथिन-ए, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी, असे चार महिने. मुख्य प्रश्न दोन होते: सहा मिनिटांत माणूस किती चालतो, आणि हाताच्या स्नायूत एटीपी किती वेगाने बनतं. चालण्याचं अंतर दोन्ही गटांत वाढलं, पण ठोस फरक कशातच दिसला नाही. स्नायू न थकता किती वेळा आकुंचन पावतात, या दुय्यम मोजमापात मात्र सुधारणा दिसली. चाचणीचा खर्च हे संयुग विकणाऱ्या कंपनीचाच होता. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण तो वाचताना हे लक्षात असू द्यावं. माझ्या मते हा 'बीटा'च्याही आधीचा टप्पा आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो, त्यात ३७ जनुकं. यातल्या किंवा पेशीकेंद्रातल्या जनुकांच्या दोषामुळे लहान मुलांनाही गंभीर आजार होतात. वरची चाचणी अशा रुग्णांवर नव्हती. घरात असा रुग्ण असेल तर चालू औषध बंद करून ही गोळी देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. या आजारांपैकी लेबर नावाच्या, दृष्टी घालवणाऱ्या आजारावर युरोपात २०१५ साली इडेबेनोन मंजूर झालं. ते शरीरात नैसर्गिकरीत्या असणाऱ्या कोएन्झाइम क्यू-१० च्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे.