चेंबूर : वसाहतींच्या पोटातील गावे

चेंबूर म्हटले की टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर, कलेक्टर कॉलनी, अणुशक्तीनगर ही वसाहतींची नावे प्रथम ओठावर येतात. ही सर्व स्वातंत्र्योत्तर काळातील नावे होत. त्यांच्या कितीतरी आधीपासून पूर्वीच्या तुर्भे बेटावर व त्याच्या आसपास चेंबूर, घाटले, बोरला, देवनार, मानखुर्द, आणिक, माहुल ही गावे नांदत होती. भातखाचरे, खाजण आणि मिठागरे हा त्यांचा परिसर. आगरी समाज शेती व मिठावर, तर माहुल-तुर्भ्याचा कोळी समाज खाडीतील मासेमारीवर निर्वाह करीत असे.

प्राचीन ग्रंथांतील ‘सिमुल्ला’ किंवा अरब प्रवाशांचे ‘सैमूर’ म्हणजेच चेंबूर, असे काही अभ्यासकांनी सुचविले होते. तथापि बहुतेक विद्वान हा मान रायगड जिल्ह्यातील चौल बंदराला देतात. चेंबूरचे थोरपण अशा उसन्या प्राचीनतेवर अवलंबून नाही.

या गावांचे भवितव्य पालटले ते रेल्वेमुळे. १९०६ मध्ये कुर्ला-चेंबूर लोहमार्ग टाकण्यात आला तो प्रवाशांसाठी नव्हे, तर मुंबई शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी! प्रवासी गाडी सुरू झाली १९२४ मध्ये. तत्पूर्वी १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला होता. ज्या वाटेने शहराचा केरकचरा आला, त्याच वाटेने पुढे वस्ती आली.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना येथील लष्करी बराकींत आसरा मिळाला. तोच ‘चेंबूर कॅम्प’. १९४८ मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि त्याने पुढे टिळकनगर, सुभाषनगरसारख्या वसाहती उभारून नोकरदार मध्यमवर्गाला हक्काचे छप्पर दिले. १९५० साली हा भाग बृहन्मुंबई महापालिकेत आला. पाठोपाठ १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. कामगार आले, शास्त्रज्ञ आले, दाक्षिणात्य कुटुंबे आली. त्यांच्या गरजा पुरविणारे गुजराती, मारवाडी व सिंधी व्यापारीही येथे स्थिरावले.

या भरभराटीची किंमत मात्र मूळ गावांनी मोजली. खाचरे गेली, खाजणे बुजली, गावठाणे इमारतींच्या वेढ्यात सापडली. माहुलच्या हवेतील प्रदूषणाचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. ज्यांच्या जमिनीवर इतरांचे संसार व पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांचे हे ऋण जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

काळाची गती अशी की आज तीच पाळी वसाहतींवर आली आहे. पुनर्विकासात टिळकनगर-सुभाषनगरच्या प्रशस्त आवारांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. १६ सप्टेंबर २०१७ रोजी आगीत होरपळलेला आर. के. स्टुडिओही पुढे विकला गेला. इमारती पडणे अटळ असेल, पण स्मृती पुसली जाणे अटळ नाही. घरोघरी जपलेले जुने सातबारा उतारे, भाडेपावत्या, दुकानांच्या चोपड्या आणि छायाचित्रे हाच उद्याच्या इतिहासाचा आधार आहे. नव्या इमारतींची नावे ठेवताना घाटले, बोरला, आणिक यांचे स्मरण राहिले, तर पुढच्या पिढीला आपण कोणाच्या अंगणात राहतो हे तरी कळेल.