जोना लोमू : वेग, ताकद आणि आजाराशी झुंज

न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू याचा जन्म १२ मे १९७५ रोजी ऑकलंड येथे टोंगन कुटुंबात झाला. १९९४ मध्ये फ्रान्सविरुद्ध ख्राइस्टचर्च येथे तो पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय १९ वर्षे ४५ दिवस होते. 'ऑल ब्लॅक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचा तो सर्वांत तरुण कसोटीपटू ठरला.

पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनमध्ये मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरची जागा सहसा चपळ, हलक्या बांध्याच्या खेळाडूकडे असे. लोमूची उंची १९६ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १२० किलो होते. तरीही तो वेगात कोणाला हार जात नसे. १८ जून १९९५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात केपटाऊन येथे त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय नोंदविले. त्यांपैकी पहिला ट्राय करताना तो बचावपटू माइक कॅट याला अक्षरशः तुडवून पुढे गेला. न्यूझीलंडने सामना ४५-२९ असा जिंकला. मात्र अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेने त्यांना १५-१२ असे हरविले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लोमूला संपूर्ण कारकीर्दीत एकही ट्राय करता आला नाही, हे विशेष.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्याचे निदान झाले. १९९७ च्या मोसमाचा बराच काळ उपचारांत गेला. पुढची कामगिरी म्हणूनच अधिक थक्क करणारी आहे. १९९८ मध्ये क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सेव्हन्स प्रकारात संघासोबत सुवर्णपदक मिळविले, तर १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले. विश्वचषकातील त्याच्या एकूण १५ ट्रायच्या विक्रमाशी २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने बरोबरी केली. विश्वचषक मात्र लोमूच्या हाती कधीच आला नाही.

२००२ मध्ये तो अखेरची कसोटी खेळला. ६३ कसोटींत ३७ ट्राय त्याच्या नावावर आहेत. २००३ मध्ये त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागत होते. जुलै २००४ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आणि पुढल्याच वर्षी तो वेल्समधील कार्डिफ ब्लूज संघातर्फे मैदानात उतरला. पूर्वीचा वेग परतला नाही. २०११ मध्ये प्रत्यारोपित मूत्रपिंडही निकामी झाले. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑकलंड येथे, वयाच्या ४० व्या वर्षी त्याचे निधन झाले.