तुटायचे तर लाकडाने तुटावे

साल १९४३. लंडनच्या वायव्येला असलेले हाय विकम हे गाव. युद्धापूर्वी इथे घरोघरच्या खुर्च्या घडत. आज तुमच्यासमोर साच्यावर विमानाचे अर्धे धड पालथे पडले आहे. हे डी हॅविलंडचे 'मॉस्किटो', लाकडी विमान! ॲल्युमिनियमची टंचाई आहे, पण कसबी सुतार भरपूर आहेत.

साच्यावर बर्चच्या प्लायवूडचा पातळ थर बसला आहे. त्यावर एक्वाडोरहून आलेले बाल्सा, सुमारे ११ मिलिमीटर जाड. वरून पुन्हा बर्च. बाल्साची पट्टी उचलता तेव्हा तिचे वजन हाताला लागतही नाही. हेच लाकूड ताशी ६०० किलोमीटरचा वेग सोसणार आहे, तेही थर एकजीव झाले तरच.

सुरुवातीची विमाने दुधातल्या केसीनच्या सरसाने जोडली होती. दमट हवेत त्याला बुरशी धरते. आणि ही विमाने भारताच्या पावसाळ्यातही जायची आहेत.

आता तुमच्या हाती येते युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ. केंब्रिजजवळ डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३७ साली अशीच राळ 'एरोलाइट' नावाने आणली. शेजारची कामगार बाई बजावते, "राळ या बाजूला, आम्ल त्या बाजूला. आधी मिसळू नका." फॉर्माल्डिहाइडने नाक चुरचुरते. तुम्ही ब्रश फिरवता, थर जुळवता, वरून पोलादी पट्टे आवळता.

आत रसायन कामाला लागते. आम्ल लागताच राळेचे रेणू एकमेकांना धरतात, साखळ्या वाढतात, त्या आडव्या-उभ्या गुंततात. जाळे पुरते विणले की उष्णतेने ते वितळत नाही. जनावरांच्या कातड्याचा सरस तापवला की पुन्हा पातळ होतो; ही राळ मागे फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा जोड पटाशीने उकलून पाहा. फट जोडातून न जाता लाकडाच्या तंतूंतून गेली, तर काम पास.

या राळेची किंमतही आहे. आजच्या पार्टिकल बोर्डात बहुधा हीच असते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड झिरपतो. म्हणून त्यावर मर्यादा घालणारे नियम हवेत. पण पातळ पापुद्र्यांतून, किरकोळ तुकड्यांतून भक्कम बांधणी उभी राहते, हे सामर्थ्य लाकडाला रसायनज्ञ आणि सुतार या दोघांनी मिळून दिले. त्याचे श्रेय एकट्या प्रयोगशाळेला देऊ नये.