फटफटीनंतरचे रस्ते : प्रस्तावना

मोटरसायकलला मराठीने तिच्या आवाजावरूनच नाव दिले : फटफटी. ती दिसण्याआधी ऐकू यायची. वळणापलीकडून येणारी फटफटी किती लांब आहे, चढाला लागली आहे की उताराला, हे ओट्यावर बसलेले आजोबा न पाहता सांगत. असले ज्ञान कोणी शिकवत नाही, ते कानात मुरते. विजेवरच्या गाडीपुढे मात्र ते कामाला येत नाही, आणि आपल्या अभ्यासाची सुरुवात नेमकी तिथे होते. विद्युत गाड्यांना मुद्दाम दिलेल्या आवाजाचा हा अभ्यास आहे. भौतिकशास्त्र, श्रवणाचे मानसशास्त्र, संगीत, कायदा, यांपैकी कोणत्याही दाराने तुम्ही आत आला असाल, तुमचे मनापासून स्वागत. क्षेत्र तरुण आहे. नव्या माणसाला इथे पहिल्या दिवसापासून काम मिळते.

आधी इंजिनाचा आवाज समजून घेऊ. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला १०० स्फोट, म्हणजे १०० हर्ट्झचा खर्जातला स्वर. फेरे वाढले की स्वर चढतो. हा आवाज कोणी रचलेला नव्हता, तरी त्यात यंत्राची सगळी हकिगत असे. विद्युत मोटारीत स्फोटच नाहीत. चुंबकीय बलांमुळे उठणारी बारीक शीळ तेवढी असते, आणि ती रहदारीत बुडून जाते. ताशी वीस-तीस किलोमीटरच्या पुढे टायरांचा आवाज एवढा होतो की इंजिन कोणते आहे याने फारसा फरक पडत नाही. खरा प्रश्न सावकाश चालणाऱ्या गाडीचा आहे : गल्लीत शिरणारी, चौकात वळणारी, पार्किंगमधून मागे येणारी.

हा प्रश्न जगापुढे लावून धरला तो अंध नागरिकांनी. अमेरिकेतल्या ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या संघटनेने हायब्रीड गाड्यांच्या काळापासून त्याचा पाठपुरावा केला. जपानने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, अमेरिकेत २०११ च्या जानेवारीत कायदा झाला, संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला नियम क्रमांक १३८ हा २०१६ मध्ये अमलात आला. युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि १ जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या विद्युत गाड्यांना पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज सक्तीचा केला.

नियम १३८ मी विद्यार्थ्यांना बंदिशीसारखा वाचायला सांगतो, एकेका अटीवर थांबत. ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० किलोमीटरला ५६, मागे येताना ४७. वरची मर्यादा ७५. आवाजाची ऊर्जा किमान दोन वेगळ्या पट्ट्यांत हवी, आणि त्यांतला एक पट्टा १६०० हर्ट्झ किंवा त्याखाली हवा. ही अट मला फार माणुसकीची वाटते. वय वाढते तसे कान आधी वरचे स्वर गमावतात. केवळ तार सप्तकात शीळ घालणारी गाडी आजीला ऐकूच येणार नाही. पुढची अट वेगाची : ताशी एक किलोमीटर वेग बदलला की स्वर किमान ०.८ टक्के सरकला पाहिजे. म्हणजे १० वरून २० वर जाताना निदान आठ टक्के. षड्जापासून कोमल रिषभ साधारण सहा-सात टक्के वर असतो. गाडी वेग घेते आहे हे संगीत न शिकलेल्या कानालाही कळावे, इतके ते अंतर आहे. सुरुवातीच्या काही गाड्यांत चालकाला हा आवाज थांबवण्याचे बटण होते. पुढच्या दुरुस्तीत ते बाद झाले, हे उत्तम झाले.

एका ठिकाणी मात्र मी या नियमाच्या बाजूने नाही. थांबलेल्या गाडीने आवाज करावा, अशी सक्ती तो करत नाही. अमेरिकेचा नियम करतो. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस सिग्नलपाशी आधी उभ्या गाड्यांची घरघर ऐकतो, मग समांतर रस्त्यावरची रहदारी एकदम सुटल्याचा आवाज येताच पाऊल टाकतो. निःशब्द उभी असलेली गाडी त्याच्या हिशेबात येतच नाही. शांततेची किंमत त्याने का मोजावी?

आवाज कुठून येतो, हे कान कसे ठरवतात? लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या विवेचनापासून इथला अभ्यासक सुरुवात करतो. खालच्या स्वरांत दोन्ही कानांवर ध्वनी पोचण्यातला सूक्ष्म कालभेद उपयोगी पडतो, वरच्या स्वरांत डोक्याच्या आडोशामुळे पडणारा तीव्रतेचा फरक. एकच शुद्ध स्वर असेल तर दिशा चुकते. अनेक वारंवारतांनी भरलेला, थोडा खरखरीत आवाज चटकन सापडतो. ऐकायला गोड आणि दिशा सांगायला चांगला, हे दोन गुण एका आवाजात क्वचितच नांदतात.

म्हणूनच संगीतकार या क्षेत्रात आले याचा मला आनंद होतो, आणि थोडी काळजीही वाटते. बीएमडब्ल्यूसाठी हान्स झिमर यांनी, महिंद्राच्या विद्युत गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांनी ध्वनी रचले. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या गाडीत तर नसलेल्या गिअरचे झटके जाणवतात आणि नसलेल्या इंजिनाची गर्जना ऐकू येते. चालकाच्या आनंदासाठी गाडीच्या आत वाजणारा आवाज ही एक कला आहे, आणि तिचा अभ्यास जरूर व्हावा. बाहेरचा आवाज मात्र मालकाचा नाही, रस्त्याचा आहे. तो कंपनीची ओळख किती ठसवतो, यापेक्षा पादचाऱ्याला काय कळवतो, यावर त्याची परीक्षा व्हावी. हे दोन आवाज एकाच शब्दाने ओळखले जातात आणि चर्चा भरकटते. नव्या अभ्यासकाने त्यांची नावे पहिल्यापासून वेगळी ठेवावीत.

आपल्याकडे वाहनांची मानके तयार करण्याच्या कामात पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या सप्टेंबरात विद्युत प्रवासी आणि मालवाहू मोटारींना असा आवाज सक्तीचा करणारा मसुदा काढला. पण ५६ डेसिबलचा आवाज हॉर्नच्या गदारोळात टिकेल कसा? नुसता मोठा करून भागणार नाही, कारण मग तोही गोंगाटातच भर घालेल. लक्ष्मी रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीत वारंवारतेचा कोणता पट्टा मोकळा उरतो, हे आधी मोजावे लागेल. आणि आपल्या गल्ल्यांतून जास्त करून धावतात त्या चारचाकी नव्हेत, दुचाकी. विजेची स्कूटर मागून आली की दचकून बाजूला होणारी शाळकरी मुले मी रोज पाहतो. त्या स्कूटरचा आवाज कसा असावा, किती वेगापर्यंत असावा, दहा स्कूटर एकत्र आल्या तर काय व्हावे, यावर मराठी मुलखातल्या रस्त्यांवर उभे राहून केलेले काम आज फार हवे आहे. ध्वनिमापक हाती घ्या, आणि एखाद्या अंध मित्राला सोबत घेऊन चौकात जा.