मूकपटांची गती आणि चाळीस मिनिटांचा आकडा

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट व कालावधी सुमारे ४० मिनिटे होता, असे संदर्भग्रंथांतून सामान्यतः नमूद केलेले आढळते. यांपैकी पहिला आकडा फितीचा आहे. दुसरा गणिताचा दिसतो, आणि ते गणित ज्या गृहीतावर उभे आहे ते १९१३ सालचे नव्हे.

पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात; तेव्हा ३७०० फुटांत ५९,२०० चित्रे झाली. बोलपटाच्या प्रमाणाने, म्हणजे सेकंदास २४ चित्रे या वेगाने, ती ४१ मिनिटांत संपतात. परंतु मूकपटाच्या काळी सेकंदास १६ चित्रे, म्हणजेच एक फूट फीत, हे प्रमाण रूढ होते. त्या हिशोबाने हाच चित्रपट एक तास दीड मिनिटाचा होतो. सेकंदास १८ चित्रे धरली तरी तो पंचावन्न मिनिटांपर्यंत जातो. सारांश, चाळीस मिनिटांच्या आकड्यात पुढच्या काळाचे यंत्र मागच्या काळाच्या फितीवर लादले गेले असावे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

येथे ‘वेग’ या शब्दानेही पुष्कळ घोटाळा केला आहे. ‘शटरचा वेग’ म्हणून जे सांगितले जाते तो वस्तुतः वेग नसून अवधी असतो: फितीवर प्रकाश किती काळ पडला, एवढेच त्यातून कळते. कॅमेऱ्यात फीत सरकण्याचा वेग निराळा, आणि पडद्यावर ती दाखविण्याचा वेग त्याहून निराळा. मराठीत तिन्हींना एकच शब्द लावला जात असल्याने एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो. (शटरला ‘पडदा’ म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा, रुपेरी पडदा आधीच त्या शब्दावर हक्क सांगून बसला आहे.)

फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणविला. तो हाताने फिरवावयाचा होता. अशा कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यास साधारणतः ८ चित्रे घेतली जात. म्हणून सेकंदास दोन फेरे हा चालकाच्या हाताचा ताल. शटर म्हणजे एक फिरती तबकडी, तिचा काही भाग कापलेला. निम्मा भाग उघडा असेल तर सेकंदास १६ चित्रांच्या वेगाने प्रत्येक चित्रास १/३२ सेकंद प्रकाश मिळे. हात मंदावून १२ चित्रांवर आला की तो १/२४ सेकंद होई, म्हणजे प्रकाश एक तृतीयांशाने वाढे; हात २० वर गेला की १/४० सेकंद. तेव्हा शटरचा अवधी हा यंत्राचा गुण नव्हता. तो मनगटाचा होता. त्याच वर्षी फाळके यांनी रोज एकेक चित्र घेऊन वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली व ती दाखवून भांडवल मिळविले. एकेका चित्रापुरता दांडा फिरविताना तर मागचापुढचा ताल नसतो. हाताचा झटका कमीजास्त झाला की प्रकाशही तसाच होतो.

यावरून जुन्या फितीतील दोषांचे निदान बऱ्याच अंशी करता येते. प्रखर प्रकाशाच्या भागांतून उभ्या दिशेने पांढुरकी छटा ओघळलेली दिसली तर शटर व फीत सरकविणारी यंत्रणा यांचा मेळ चुकला आहे असे समजावे: फीत स्थिर होण्यापूर्वीच शटर उघडले, किंवा ती हलू लागल्यावर मिटले. हा दोष यंत्राचा. परंतु उजेड-अंधाराची लाट आठआठ चित्रांनी नेमकी परतत असेल, तर यंत्र निर्दोष असून प्रत्येक फेऱ्यात हात एकाच जागी अडखळत होता. आणि पात्रे धावल्यासारखी चालत असतील, पण प्रकाश एकसारखा असेल, तर दोष चित्रणात शोधण्याआधी तो प्रक्षेपणात शोधावा.

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक बिकट स्वरूपात उभा राहिला. बाबूराव पेंटर व त्यांचे बंधू आनंदराव यांनी कॅमेरा विकत न घेता स्वतःच घडविण्याचा उद्योग आरंभिला. जुन्या प्रक्षेपकाच्या अभ्यासापासून त्यांची सुरुवात झाली. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास काम तडीस नेले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. प्रक्षेपकावरून कॅमेरा बनविणे हे वाटते तितके सरळ नाही. पडद्यावरील लुकलुक कमी व्हावी म्हणून प्रक्षेपकाच्या शटरला दोन वा तीन पाती असतात व एकच चित्र दोनतीन वेळा उजळते. कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रास एकदाच आणि मोजका उजेड मिळावयास हवा. म्हणजे तबकडी नव्याने कापणे, तिचा फितीच्या हालचालीशी मेळ घालणे आणि प्रत्येक फेरबदलानंतर फीत धुऊन पाहणे आले. कारखान्याची माहितीपुस्तिका हाताशी नसलेल्या या मंडळींची कामगिरी केवळ ‘देशी कॅमेरा’ एवढ्या कौतुकात संपविणे अन्यायाचे आहे. याच दामले यांनी पुढे ‘प्रभात’मध्ये ध्वनिलेखनाची जबाबदारी सांभाळली. ध्वनी आला आणि हाताचा ताल गेला, कारण आवाजास वेगातील चढउतार खपत नाही. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून मराठी बोलपटाची फीत सेकंदास २४ चित्रे या वेगाशी बांधली गेली.

मूकपट पुढे याच नव्या यंत्रांवर दाखविले गेले. दर दोन चित्रांपैकी एक पुन्हा छापून १६ ची २४ करण्याची सोय आहे, पण तीत हालचाल किंचित अडखळते. आणि जेथे तीही केली जात नाही तेथे प्रत्येक प्रसंग दोन तृतीयांश वेळात उरकतो. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) च्या प्रारंभी बालकृष्णाची भूमिका करणारी त्यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे भाव दाखविते. सेकंदास १६ चित्रांनी घेतलेला तीन सेकंदांचा भाव २४ च्या वेगाने दोन सेकंदांत मावळतो. हे दृश्य पाहून त्या काळचा अभिनय ‘झटक्यांचा’ होता असा शेरा मारणाऱ्याने, फीत कोणत्या वेगाने पाहिली हेही त्या शेऱ्याशेजारी लिहावयास हवे.