व्हॅस्क्युलायटिस म्हणजे काय? त्वचेवरचे ठिपके कधी गांभीर्याने घ्यावेत?

पायांवर अचानक लाल-जांभळे ठिपके उठले की बहुतेकांना ॲलर्जी किंवा उष्णतेचा त्रास वाटतो. पण कधी कधी ते रक्तवाहिन्यांना सूज आल्याचे लक्षण असते. या आजाराला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात.

नेमके काय होते?
रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. वाहिनीची भिंत सुजते. मग ती अरुंद होते, बंद पडते किंवा तिच्यातून रक्त झिरपते. जंतुसंसर्ग, हिपॅटायटिस, काही औषधे किंवा ल्युपससारखा आजार यामागे असू शकतो. अनेकदा कारण सापडत नाही. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

ठिपके कसे ओळखावेत?
काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यांवर दाबून पाहा. अंगावर उठलेले पित्त दाबल्यावर फिके पडते. त्वचेखाली रक्त झिरपले असेल तर रंग तसाच राहतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स कमी झाल्यावरही असे ठिपके येतात, त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे. सोबत ताप असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

शरीरावर काय परिणाम होतो?
• लहान वाहिन्या: त्वचा, किडनी, फुफ्फुसे, नसा. मुलांमध्ये आयजीए व्हॅस्क्युलायटिस जास्त दिसतो. पायांवर ठिपके, पोटदुखी, सांधेदुखी ही त्याची लक्षणे.
• मध्यम वाहिन्या: कावासाकी आजार मुख्यतः ५ वर्षांखालील मुलांना होतो. न उतरणारा ताप, लाल डोळे व ओठ दिसतात. उपचार लांबले तर हृदयाच्या धमन्यांना इजा होऊ शकते.
• मोठ्या वाहिन्या: ताकायासू आजारात, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणे हे जायंट सेल आर्टरायटिसचे लक्षण असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

लघवीची तपासणी का?
किडनीला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीतील रक्त किंवा प्रथिने मात्र ती आधीच दाखवून देतात. म्हणून ठिपके गेल्यावरही डॉक्टर काही महिने लघवी आणि रक्तदाब तपासायला सांगतात. गरजेनुसार रक्ताच्या चाचण्या आणि त्वचेची बायोप्सी होते.

उपचार काय?
सौम्य आजार विश्रांतीने बरा होतो. गंभीर आजारात स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. बरे वाटले म्हणून स्टिरॉइड स्वतःहून अचानक बंद करू नये, ते धोक्याचे ठरते. खोकल्यातून रक्त, लाल लघवी, तीव्र पोटदुखी, हातापायात अचानक अशक्तपणा किंवा नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.