कागद निजामाच्या काळातला, फाईल आजची

मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांत इतिहास पत्र्याच्या पेटीत असतो. एखादी सनद, इनामाचा मुंतखब, शेताचा जुना उतारा, आजोबांचा शेरवानीतला फोटो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चाले, वर्ष फसली असे. कागदावर 1350 फसली दिसले की त्यात 590 मिळवायचे. म्हणजे तो 1940-41चा.

लातूरकरांचे कागद तर आणखी विखुरलेले. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 रोजी. त्याआधी लातूर उस्मानाबादेत होते, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात. मूळ कागद कायम राहील याचीही खात्री नाही. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गेली, घरे गेली. तिथे पेट्यांचा हिशेब कोण ठेवणार?

या जुन्या कागदांची किंमत अलीकडे सर्वांनाच कळली आहे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन उर्दू आणि मोडी दफ्तरे धुंडाळली. 2025 साली वक्फ मालमत्तांचे तपशील ‘उमीद’ पोर्टलवर चढवण्याची वेळ आली, तेव्हा घरोघरी, दर्ग्यादर्ग्यांत मुंतखबांचे फोटो निघाले. फोटो काढणे चांगलेच. पण ते कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

मोबाइल फोटो बहुधा जेपीईजीमध्ये ठेवतो. या फॉरमॅटच्या मुळाशी आपल्याच देशातला एक माणूस आहे. बंगळूरला 1940 साली जन्मलेले अभियंते नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक झाले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 साली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती पद्धत मांडली. 1992च्या जेपीईजी मानकाचा ती पाया ठरली. जगभर रोज फिरणाऱ्या असंख्य फोटोंमागे हे गणित आहे, आणि आपल्या शाळांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

ही पद्धत चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते. चौकोनात हळूहळू होणारा रंगबदल जपते आणि झटकन होणारा बारीक बदल ढोबळ करते. चेहरा, आभाळ, डोंगर यांत डोळ्याला ते कळत नाही, म्हणून फाईल कितीतरी लहान होते. पण शाईचे अक्षर म्हणजे झटकन होणारा बदलच. दाब जास्त दिला की अक्षराभोवती धुरकट डाग उठतात आणि बारीक ठिपके विरघळतात.

उर्दूत ठिपका म्हणजे नुक्ता. ‘खुदा’चा नुक्ता वरून खाली आला की ‘जुदा’ होतो. बे, पे आणि ते यांतला फरकही नुक्त्यांचाच. माणसाचे नाव, गावाचे नाव त्यावर अवलंबून असते. जुन्या हिशेबांतल्या सियाक आकड्यांची गतही तीच. एक फाटा पुसला तर रक्कम बदलते.

जेपीईजी फाईलची नुसती नक्कल केल्याने काही बिघडत नाही. ती उघडून, कापून पुन्हा साठवली, किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, की ती पुन्हा दाबली जाते. पाच नातेवाइकांकडून फिरून आलेला मुंतखब म्हणूनच वाचता येत नाही.

यावर उपाय जुनेच आहेत. 1986 साली आलेला टिफ फॉरमॅट काहीही न गाळता चित्र ठेवू शकतो, म्हणून अभिलेखागारे तो वापरतात. 1996चा पीएनजी तर जिफमधल्या पेटंटच्या भांडणातून जन्मला. तो सर्वांना मोफत आहे आणि तपशील न गमावता फाईल लहान करतो. जिफमध्ये एका चित्राला फक्त 256 रंग मिळतात. जुन्या पिवळट कागदाला ते अपुरे. पीडीएफ ही नुसती पिशवी आहे, तिच्या आत बहुधा जेपीईजीच असतो.

माझे सांगणे एवढेच. कागद स्कॅनरवर 300 डीपीआयने, रंगीत स्कॅन करून टिफमध्ये ठेवा. लहान फोटो असेल तर 600 डीपीआय घ्या. ए-फोर आकाराचे एक पान साधारण 25 एमबी होईल, होऊ द्या. ही झाली मूळ प्रत. तिला हात लावू नका आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नातेवाइकांना, वकिलाला, पोर्टलला द्यायची प्रत तिच्यातून जेपीईजी किंवा पीडीएफ करून काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाईलच्या नावात गाव, फसली साल आणि कागदाचा प्रकार लिहा.

उर्दू दफ्तर वाचणारी पिढी मराठवाड्यात झपाट्याने कमी होते आहे. उद्या एखादी मुलगी ही लिपी शिकून आपल्या पणजोबांचा कागद उघडेल, तेव्हा नुक्ता जागेवर असला पाहिजे.